शिट्टी कुणाच्या गळ्यात

पहिला थांबा मार्च १८९३. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं नॉर्थॅम्प्टन गाव, मुलींचं स्मिथ कॉलेज. तुम्ही पुरुष असाल तर एवढ्या प्रवासापुरतं बाई व्हा, कारण आत पुरुषांना प्रवेश नाही. व्यायामशाळेच्या गॅलरीत मुली आपापल्या वर्गाचे रंग मिरवत ओरडताहेत. खाली पहिलं वर्ष दुसऱ्या वर्षाशी भिडतंय. मधोमध चेंडू घेऊन उभी आहे ती सेंडा बेरेन्सन, नुकतीच पंचविशीत आलेली व्यायामशिक्षिका. स्प्रिंगफील्ड इथून साधारण ठाणे ते बोरीबंदर एवढ्या अंतरावर. तिथे जेम्स नेस्मिथनं बास्केटबॉल हा खेळ बसवून जेमतेम सव्वा वर्ष झालंय. सेंडानं त्याबद्दल वाचलं आणि खेळ आपल्या मुलींच्या हाती दिला.

ती चेंडू वर उडवते. तो पहिल्या वर्षाच्या सेंटरच्या उंचावलेल्या हाताला असा काही लागतो की तिचा खांदाच निखळतो. सामना पुढे होतो, दुसरं वर्ष ५-४ असं जिंकतं. पण बाईंच्या डोक्यात काय चाललं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल: उद्या कॉलेज हा खेळ बंद करणार.

तो बंद पडू नये म्हणून तिनं नियम बदलले. मैदानाचे तीन भाग, आपला भाग सोडायचा नाही, समोरचीच्या हातातून चेंडू हिसकावायचा नाही, तीन सेकंदांपेक्षा जास्त हातात ठेवायचा नाही. आज हे वाचून आपण हसतो, पोरींना गोठ्यात बांधल्यासारखं वाटतं. मला मात्र त्यात बाईचा व्यवहारीपणा दिसतो. प्रशिक्षकाचं पहिलं काम खेळ शिकवणं नव्हे, खेळायची परवानगी टिकवणं. कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये याच अमेरिकेत डॉक्टर झाल्या तेव्हा भिंतीला बास्केट ठोकायची कल्पनाही कुणाला सुचली नव्हती, पण परवानगी म्हणजे काय हे त्यांना कुणी वेगळं सांगायला नको होतं.

आता डिसेंबर १९७४. टेनेसी राज्यातलं नॉक्सव्हिल. गाडी चालवणारी पॅट हेड बावीस वर्षांची आहे, म्हणजे मागे बसलेल्या खेळाडूंहून फारशी मोठी नाही. लग्नानंतर जग तिला पॅट समिट म्हणून ओळखेल. टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची ती मुख्य प्रशिक्षक, पगार महिना २५० डॉलर. गाडी तीच चालवते, संघाचे कपडे तीच धुते. ते कपडेही डोनट विकून जमवलेल्या पैशांतून आलेले. पहिलाच सामना ती एका गुणानं हरते, मर्सर विद्यापीठाविरुद्ध ८३-८४.

तुम्ही तिथे फार वेळ थांबू नका, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: ३८ मोसम, १०९८ विजय, आठ राष्ट्रीय अजिंक्यपदं, २००६ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरच्या पुढचा करार. जिद्द होतीच. पण १९७२चा ‘टायटल नाइन’ हा कायदाही होता. सरकारी पैसा घेणाऱ्या कॉलेजांना त्यानं मुलींच्या खेळाकडे पाठ फिरवू दिली नाही. गंमत पाहा: त्या कायद्याआधी मुलींच्या संघांच्या प्रशिक्षकांत नव्वद टक्क्यांहून जास्त बायका होत्या. चाळीस वर्षांनी निम्म्याहूनही कमी उरल्या. पगार आला आणि पुरुषांना ती नोकरी दिसू लागली.

आता डोंबिवली. ऑगस्ट १९९८, सकाळचे साडेसहा. याच वर्षी संपलेल्या मोसमात टेनेसीच्या मुलींनी ३९ पैकी ३९ सामने जिंकलेत, पण ती बातमी इथवर पोचलेली नाही. रात्रभर पाऊस पडून सिमेंटच्या कोर्टावर शेवाळ धरलंय. एका रिंगला जाळी नाही. खराटा तुमच्याच हातात आहे, कारण शिपाई आठला येतो. गळ्यात शिट्टी. तुमचं पद शारीरिक शिक्षण संचालक. ‘मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षक’ असं पद इथल्या कॉलेजात सहसा नसतंच. कॅरम, कबड्डी, क्रॉस कंट्री, बुद्धिबळ, सगळ्यांच्या मॅडम तुम्हीच. जिमखान्याची बिलंही तुमचीच.

आठ मुली आल्यात. दोघी शाळेपासून खेळलेल्या, बाकीच्या तुम्ही वर्गावर्गात फिरून गोळा केलेल्या. खो-खोवाली जीव तोडून पळते, पण खो-खोत एकदा दिशा घेतली की मागे वळायचं नसतं. तिला एक पाय रोवून त्यावर गर्रकन फिरायला शिकवताना आठवडा जातो. कबड्डीवाली समोरचीला सरळ कमरेतून धरते. ‘अगं, पकड नाही करायची इथे!’ असं तुम्ही दिवसातून दहा वेळा ओरडता, आणि अकराव्यांदा ती पुन्हा धरते. उंच पोरगी एकच. ती वाकून चालते, कारण घरी-दारी सगळ्यांनी तिला उंचीबद्दल टोकलंय. दहा फुटांवरच्या रिंगखाली तिला ताठ उभं करणं हे तुमचं या वर्षीचं सर्वात मोठं तांत्रिक काम.

संध्याकाळी तिच्या घरी जा. चाळीतलं दोन खोल्यांचं घर, आई चहा टाकते.

‘मॅडम, हाफ पँट घालावीच लागते का?’

‘गुडघ्यापर्यंत असते काकू.’

‘आणि याचे मार्क मिळतात?’

मिळतात, ग्रेसचे. रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीही मिळते. हे सांगताना तुम्ही जरा जास्तच खात्रीनं बोलता. शेवटी मुद्दा येतोच: परत यायला किती वाजतील, आणि सोबत कोण? ‘मी आहे ना,’ तुम्ही म्हणता. काकू तेवढ्यावर हो म्हणतात. त्यांनी परवानगी खेळाला दिलेली नसते, तुम्हाला दिलेली असते.

मुंबई विद्यापीठाचे आंतरमहाविद्यालयीन सामने तिकडे मुंबईत. सकाळची फास्ट लोकल कल्याणहूनच भरून येते. चेंडूंची जाळी डोक्यावर धरून आठ मुलींना लेडीज डब्यात चढवणं हा अर्धा सामना. ऑफिसला निघालेल्या बायका आधी कुरकुरतात. घाटकोपर आलं की त्यातलीच एक विचारते, ‘कुठे मॅच आहे गं?’ मॅच तुम्ही हरता, बऱ्याच गुणांनी. उंच मुलगी चार बास्केट करते आणि परतीच्या गाडीत दारापाशी ताठ उभी राहते.

पुढचा थांबा बेंगळुरू, जुलै २०१७. भारताच्या मुली आशिया चषकाच्या ‘ब’ गटात कझाकस्तानला ७५-७३ असं हरवतात. संघात पुण्याची शिरीन लिमये आहे. प्रशिक्षक मात्र सर्बियाचे झोरान विसिच.

आणि लगेच जकार्ता, २४ ऑगस्ट २०१८. खेळ बदललाय, कबड्डी. आशियाई स्पर्धेतली मुलींची अंतिम लढत, भारत आणि इराण. मुलींची कबड्डी या स्पर्धेत आल्यापासून दोन्ही सुवर्णपदकं भारताची. चार वर्षांपूर्वी इंचॉनला याच इराणला ३१-२१ असं हरवलेलं. भारताकडे सायली केरिपाळे आहे, सोनाली शिंगटे आहे. समोर, इराणच्या बाकावर, नाशिकच्या शैलजा जैन. आपल्या देशाच्या संघाची सूत्रं हाती आली नाहीत म्हणून त्यांनी तेहरानचं बोलावणं स्वीकारलं. फारसी शिकल्या. सरावात योग आणि प्राणायाम आणला. त्यांच्या मुली २७-२४ असं जिंकतात. तुम्ही प्रेक्षकांत बसलाय आणि कोणासाठी टाळ्या वाजवाव्यात हे तुम्हाला कळत नाहीये. वाजवा, दोन्हीकडे आपलीच माणसं आहेत. कसारा घाटापलीकडच्या बाईला मुख्य प्रशिक्षक व्हायला इराणपर्यंत जावं लागलं याचा राग नंतर करा.

आता परत या. चालू साल, डोंबिवली, जिमखान्याची खोली. फॅन आवाज करतोय, टेबलावर यंदाच्या स्पर्धेचा प्रवेश अर्ज. खेळाडूंची नावं, जन्मतारखा, प्राचार्यांची सही, शिक्का. खाली दोन ओळी: प्रशिक्षक, संघ व्यवस्थापक. दोन्हींत तुम्ही स्वतःचंच नाव लिहिता. तेवढ्यात दारातून एक उंच पोरगी डोकावते. ‘मॅडम, आई म्हणतेय तुम्ही येताय का नक्की?’ तुम्ही अर्ज फाइलमध्ये घालता आणि तिच्या आईचा नंबर विचारता.