तेरा आणि दहा

२००३ साली भाच्याच्या लिनक्सवाल्या संगणकावर मी एक गझल टाइप केली आणि ईमेलने एका कार्यालयात धाडली. तिथे ती विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडली, तर सगळे शेर एकाच लांबलचक ओळीत! गझलेची ओळच मोडली नाही तर उरले काय? कारण शोधता शोधता थेट टेलिप्रिंटरपाशी पोहोचलो.

श्रोतेहो, संगणकाला कागद दिसत नाही. जोडलेल्या यंत्राकडे तो नुसते अंक पाठवतो. कोणत्या अंकावर यंत्राने काय करायचे, हे आधीच ठरलेले असते. अमेरिकेत १९६३ साली अशी एक संकेतावली ठरली, ती 'आस्की'. त्याच वर्षीचे 'टेलिटाइप मॉडेल ३३' हे यंत्र पुढे कितीतरी संगणकांचे कान आणि तोंड झाले. ते सेकंदाला १० अक्षरे छापी. ७ आला की घंटी वाजे, १३ आला की छापणारे डोके डाव्या कडेला परते, १० आला की कागद एक ओळ वर सरके. परतीला एका अक्षरापेक्षा जास्त वेळ लागे. म्हणून आधी १३, मग १०. डोके वाटेत असतानाच कागद सरकून जाई. मला तर ही युक्ती फारच आवडली.

पुढे कागद जाऊन पडदा आला. युनिक्सने एकटा १० ठेवला, लिनक्सने तोच उचलला. डॉसने आणि मग विंडोजने दोन्ही सांभाळले. माझी गझल एकटा १० घेऊन गेली होती, नोटपॅड १३ची वाट पाहत बसले. एकटा १० त्याला कळू लागला २०१८ साली. तोवर मी गझला टपालानेच पाठवत होतो.