मुक्या जिवाचा बंध : गळपट्टा की हार्नेस?



गेल्या महिन्यात पुण्याहून नातीचा फोन आला. त्यांनी पाच महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू घरी आणले आहे. म्हणाली, "आजी, दुकानदार म्हणतो हार्नेस घ्या. शेजारचे काका म्हणतात साधा गळपट्टाच बरा. तू सांग, काय घेऊ?"

हार्नेस म्हणजे गळ्याऐवजी छातीवरून आणि पोटाखालून जाणारा पट्टा. साखळी त्याच्या पाठीवरच्या नाहीतर छातीवरच्या कडीला लावतात. मी नातीला म्हटले, "दोन दिवस दे, मग सांगते." खरे तर उत्तर द्यायला मला दोन दिवस लागणार नव्हते. पण तिचा प्रश्न ऐकताच मोती डोळ्यांसमोर उभा राहिला आणि माझ्याने पुढे बोलवेना.

ही १९९४ सालची गोष्ट. तेव्हा आमचा वाशिम जिल्हा झालेला नव्हता, शेलूबाजार अकोला जिल्ह्यात होते. आमच्याकडे अडतीचा धंदा, अंगणात कापसाची आणि तुरीची पोती. मुलगा आठ वर्षांचा. बाजारातून एक दीड महिन्याचे पिल्लू उचलून घेऊन आला. हायवेवर जाऊन गाडीखाली येऊ नये म्हणून आम्ही पोत्याच्या तोंडाची नायलॉनची दोरी त्याच्या गळ्यात बांधली. सासूबाई म्हणाल्या होत्या, "बाई, मुक्या जिवाले असं गळ्यात बांधू नोको." मी म्हटले, "त्याच्याच भल्यासाठी आहे."

पिल्लू वाढत गेले, दोरी तेवढीच राहिली. मानेवर दाट केस, त्यामुळे वरून काही दिसत नव्हते. अडीच-तीन महिन्यांनी मोती खायचे कमी झाला. आम्हाला वाटले, ऊन लागले असेल. मग वास यायला लागला. केस बाजूला करून पाहिले तर दोरी दिसेचना. ती कातडीच्या आत गेली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी कात्रीने ती तुकड्या-तुकड्याने काढली. जखमेत किडे पडले होते. मोती जगला, बारा वर्षे आमच्या दारात राहिला. पण मानेभोवती केस नसलेला पांढरा वळ त्याच्या शेवटपर्यंत होता.

त्याच वर्षी दशलक्षण पर्वात मंदिरात तत्त्वार्थसूत्राचे वाचन चालू होते. दहा दिवसांत दहा अध्याय, हे आपल्या सगळ्यांच्या सवयीचे. सातव्या दिवशी सातवा अध्याय आला, त्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. लहानपणापासून ही यादी मला पाठ होती. त्या दिवशी पंडितजी एकेक शब्द उलगडत होते आणि मला मोती दिसत होता. मी त्याला बांधले, हा बंध. दोरीने कातडी कापली, हा छेद. गळा आवळल्याने त्याला घास गिळवेना, तो अन्नपाननिरोध. पाचातले तीन, एका दोरीने. रागाने केले नव्हते, पण प्रमादाने तर केलेच होते. आणि हिंसेची व्याख्या सांगताना याच अध्यायात प्रमादाचेच नाव आधी येते.

तेव्हापासून प्राण्यांच्या गळ्यातल्या दोरीविषयी जे हाती लागेल ते मी वाचत आले. त्यातले थोडे आज सांगते.

पहिला प्रश्न असा की, बांधणे मुळात चुकीचेच का? पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत बंधाचा अर्थ फार सरळ सांगितला आहे. जिवाला जिथे जायचे आहे तिथे जाण्यापासून अडवणारे ते बंध. या अर्थाने गळपट्टाही बंध आणि हार्नेसही बंध. पण श्रावकाला घर असते, गोठा असतो, गाय-बैल असतात. बांधल्यावाचून त्याचे चालत नाही. श्वेतांबर परंपरेत आवश्यक सूत्रावर जुनी चूर्णी आहे. तिच्यात हाच पेच सोडवलेला आहे. बांधायचेच झाले तर गाठ अशी सैल असावी की आग लागली तर जनावर पटकन सोडवता यावे किंवा दोरी कापता यावी. जिवाची काळजी ठेवून बांधणे आणि निर्दयपणे करकचून बांधणे या दोन गोष्टी तिथे वेगळ्या मानल्या आहेत. शेकडो वर्षांपूर्वी कोणा आचार्यांनी गोठ्याला आग लागेल तेव्हा काय होईल याचा विचार करून ठेवला होता, हे वाचून माझे हात आपोआप जुळले.

कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा तर आचार्यांच्याही आधीपासूनचा. हडप्पाच्या उत्खननात मातीचे छोटे कुत्रे सापडले आहेत, त्यांतल्या काहींच्या गळ्यात पट्टा दाखवलेला आहे. म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षे झाली. इजिप्तमध्ये मैहेरप्री नावाच्या सरदाराच्या थडग्यात सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचे दोन रंगीत गळपट्टे मिळाले. त्यांतल्या एकावर कुत्र्याचे नाव लिहिलेले आहे. म्हणजे पट्टा केवळ अडवण्यासाठी नव्हता, हा जीव कोणाचा आहे, याचे नाव काय, हे सांगण्यासाठीही होता.

रोममध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हॅरो नावाच्या पंडिताने शेतीवर ग्रंथ लिहिला. मेंढरे राखणाऱ्या कुत्र्यांना रानटी श्वापदांनी मानेला धरू नये म्हणून त्यांच्या गळ्यात खिळे ठोकलेला जाड पट्टा घालावा, असे तो सांगतो. आणि पुढे म्हणतो की, खिळ्यांच्या डोक्यांवर आतून मऊ कातडे शिवावे, म्हणजे लोखंडाने मान दुखावणार नाही. त्या माणसाला दोन हजार वर्षांपूर्वी पट्ट्याच्या आतल्या बाजूचा विचार सुचला. मला १९९४ साली सुचला नव्हता.

आपल्या महाराष्ट्रातले एक चित्र मला फार आवडते. नगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. तिथे १९७४ साली काशाची काही शिल्पे सापडली. त्यांत एक रथ आहे. त्याला दोन बैल जुंपलेले, मागे माणूस उभा, आणि मधल्या दांडीवर एक छोटासा कुत्रा. बैलांच्या मानेवर जू आहे, कुत्रा मात्र सोबतीला निघालेला दिसतो. आपल्या वऱ्हाडातही कालपरवापर्यंत तसेच होते. बैलाला वेसण, कासरा, दावे, सगळे असायचे. कुत्रा मोकळाच गाडीखालून चालायचा. कुत्र्याला बांधण्याची गरज मुख्यतः रस्त्यांवर वाहने वाढली आणि शहरांतली गर्दी वाढली तेव्हा आली.

मुंबईत तर गळ्यात पट्टा असणे-नसणे हा जीवन-मरणाचा प्रश्न झाला होता. इंग्रज सरकारने बेवारशी कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने पाळीव कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. ६ जून १८३२ रोजी कोटातल्या पारशांचा संयम सुटला आणि दंगल झाली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. त्या हरताळात पारशांबरोबर हिंदू, मुसलमान आणि आपले जैन व्यापारीही उतरले. गोऱ्या पलटणीचा रोजचा पुरवठासुद्धा अडला.

सख्यांनो, याचा पुढचा भाग आपण अभिमानाने सांगावा असा आहे. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि आपले मोतीचंद अमीचंद, म्हणजे मोतीशा शेठ, यांनी मिळून मुंबईची पांजरपोळ उभी केली. भुलेश्वरजवळची ही पांजरपोळ आजही चालू आहे. एक पारशी आणि एक जैन, धर्म वेगळे, पण मुक्या जिवाच्या बाबतीत दोघांचे मत एक.

आता हार्नेसकडे येऊ. त्याचा उगम कुत्र्याच्या सुखासाठी झालेला नाही, ओझे ओढण्यासाठी झाला. बर्फाळ प्रदेशात कुत्री घसरगाड्या ओढत. बेल्जियममध्ये दुधाच्या गाड्यांना कुत्री जुंपत, आणि पहिल्या महायुद्धात तिथल्या सैन्याने मशीनगन ओढायलाही कुत्रीच वापरली. गळ्याला दोरी बांधून ओझे ओढवत नाही, श्वास कोंडतो. म्हणून भार छातीवर आणि खांद्यांवर घेणारा पट्टा निघाला. बैलाचा कासरा आणि जू यांचे काम वेगळे असते हे आपल्याला पोळ्याच्या निमित्ताने तरी ठाऊक आहेच. कुत्र्यांचे हाल पाहून लंडनमध्ये १८३९ च्या कायद्याने कुत्र्यांच्या गाड्यांवर बंदी आली आणि १८५४ मध्ये ती देशभर लागू झाली. अतिभारारोपण हा अतिचार आहे हे तिथल्या लोकांना कायद्याने शिकावे लागले.

पुढे १९१६ मध्ये जर्मनीतल्या ओल्डनबुर्ग इथे युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. अशा कुत्र्याच्या पाठीवरच्या हार्नेसला ताठ मूठ असते, तिच्यातून अंध माणसाला कुत्र्याची हालचाल कळते. ज्या पट्ट्याने कुत्र्याला राबवले, तोच पट्टा माणसाला आधार देऊ लागला.

आपल्या देशाचा कायदाही पाहा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा. त्याच्या कलम ११ मध्ये जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवले नाही तर तोही गुन्हा आहे. वाचताना मला वाटले, आपलाच पहिला अतिचार सरकारी भाषेत लिहिला आहे.

मी अकोल्याची बी. कॉम., त्यामुळे नातीला जमा आणि नावे मांडूनच सांगितले.

गळपट्ट्याच्या जमेला काय? त्यावर नावाचा आणि फोन नंबरचा बिल्ला लावता येतो. हरवलेले कुत्रे घरी येते, आणि हे कुणाचे तरी आहे हे लोकांना कळते. घालायला सोपा, अंगाला कमी लागतो, उन्हाळ्यात उबत नाही. नावे काय? ओढ बसली की सगळा ताण श्वासनलिकेवर आणि मानेच्या शिरांवर. २००६ च्या एका अमेरिकी अभ्यासात पशुवैद्यकांनी कुत्र्यांच्या डोळ्यांतला दाब मोजला. गळपट्ट्याने ओढ बसली तेव्हा तो वाढला, हार्नेसने ओढ बसली तेव्हा तसा वाढला नाही. काचबिंदू झालेल्या माझ्या सख्यांना डोळ्यातला दाब म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. पॉमेरेनियनसारखी लहान कुत्री आणि पगसारखी चपट्या नाकाची कुत्री यांना तर गळ्यावरची ओढ अजिबात सोसत नाही. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातल्या शिकारी कुत्र्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांचे डोके अरुंद आणि मान भक्कम, साधा पट्टा डोक्यावरून सहज निसटतो. त्यांना रुंद पट्टा लागतो.

हार्नेसच्या जमेला, ताण छातीवर विभागला जातो, गळा मोकळा राहतो. गाडीत नेताना सुरक्षा पट्ट्याला हार्नेसच जोडावा, गळपट्टा कधीही नाही. आता समृद्धी महामार्ग आमच्या गावाजवळून गेला आहे, गाड्यांचे वेग पाहिले की हे किती महत्त्वाचे आहे ते कळते. नावे बाजूला, मापाचा नसेल तर बगलेत घासून जखम होते, आणि सैल असेल तर घाबरलेले कुत्रे मागे सरकून त्यातून बाहेर पडते. शिवाय छातीने ओढणे सोपे, म्हणून ओढण्याची सवय असलेले कुत्रे आणखी ओढते. अशा कुत्र्याला कडी पाठीवर नसून छातीवर असलेला हार्नेस बरा.

म्हणून नातीला सांगितले, दोन्ही घे, पण कामे वाटून दे. गळपट्टा नावासाठी, हार्नेस फिरायला नेण्यासाठी. साखळी गळपट्ट्याला अडकवायची नाही. घरी आल्यावर हार्नेस काढायचा. ओढले की आवळत जाणारी साखळी तर दुकानातच सोडून यायची. चामड्याचे काही घ्यायचे नाही, सुती किंवा नायलॉनचे रुंद पट्टे चांगले मिळतात. चाप असा हवा की एका हाताने, अंधारात, घाबरलेल्या बोटांनीही उघडता यावा. चूर्णीतली आगीची गोष्ट तिला सांगितली तेव्हा ती थोडा वेळ गप्प झाली, मग म्हणाली, "आजी, याला हल्ली क्विक रिलीज म्हणतात."

शेवटी मोतीचेही सांगितले. मुलाने तिला ते कधी सांगितले नव्हते. त्यालाही अजून बोलवत नसावे. वाढत्या पिल्लाचा पट्टा दर रविवारी तपासायचा, हे तिच्याकडून कबूल करून घेतले.

तुमच्या दारात कुत्रे असेल, पाळलेले असो वा गल्लीतले कुणी प्रेमाने पट्टा घातलेले, तर आज संध्याकाळी एक काम करा. त्याच्या पट्ट्याखाली दोन बोटे घालून पाहा. सहज गेली तर ठीक. नाही गेली तर उद्यावर ढकलू नका, एक घर सैल करा. आणि केस बाजूला करून खालची कातडीही पाहा. मी पाहिली नव्हती.