टार.जीझेड : एका पेटंटने घडवलेले नाव

१/ लिनक्सवरील सॉफ्टवेअरचा मूळ कोड उतरवून घेताना फाइलीच्या नावाअखेर 'टार.जीझेड' ही अक्षरे आजही भेटतात. त्यांतील 'टार' हे चुंबकीय फितींच्या काळाचे अपत्य. 'जीझेड' मात्र एका पेटंटच्या धास्तीतून जन्मले. #थ्रेड

२/ जानेवारी १९७९. बेल प्रयोगशाळेच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'टार' आले. 'टेप आर्काइव्ह'चे हे लघुरूप. अनेक फाइलींचे एकच गाठोडे बांधणे हे त्याचे काम. प्रत्येक फाइलीपुढे ५१२ बाइटांची पाटी असे : नाव, मालक, परवानग्या, आकार, शेवटच्या बदलाची वेळ. त्यामुळे गाठोडे परक्या यंत्रावर सोडले, तरी फोल्डरांची मूळ मांडणी पुन्हा उभी राही.

३/ टार आकार मात्र घटवीत नसे. दूरध्वनीच्या तारेवरून मोडेमने फाइल आणणाऱ्याला प्रत्येक बाइट महाग पडे. म्हणून गाठोडे आवळणारे दुसरे साधन आले : 'कॉम्प्रेस'.

४/ त्यामागची पद्धत टेरी वेल्च यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केली होती. लेम्पेल आणि झिव यांच्या १९७८ च्या कल्पनेची ती सुधारित आवृत्ती. वारंवार येणाऱ्या अक्षरमालिकांचा कोश रचायचा आणि त्यांच्या जागी कोशातील क्रमांक लिहायचे. 'टार.झेड' फाइली सर्वत्र रूढ झाल्या.

५/ परंतु स्पेरी कंपनीने या पद्धतीसाठी १९८३ मध्येच पेटंटचा अर्ज केला होता. १० डिसेंबर १९८५ रोजी तो मंजूर झाला. १९८६ च्या विलीनीकरणानंतर हा हक्क युनिसिसकडे आला. ग्नू प्रकल्पापुढे पेच उभा राहिला : कोड मुक्त, पण तो आवळण्याचे तंत्र दुसऱ्याच्या मालकीचे.

६/ ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी ज्यां-लू गेली आणि मार्क ॲडलर यांचे 'जीझिप' प्रसिद्ध झाले. त्याचा आधार होता फिल कॅट्झ यांची 'डिफ्लेट' पद्धत. जीझिप सहसा कॉम्प्रेसहून लहान फाइल देई, शिवाय जुनी 'टार.झेड' गाठोडीही उघडी. स्थलांतर सोपे झाले. १९९३ मध्ये आलेल्या स्लॅकवेअर लिनक्सची पॅकेजे 'टीजीझेड' रूपातच होती.

७/ धास्ती अनाठायी नव्हती. डिसेंबर १९९४ मध्ये याच पेटंटच्या आधारे जिफ चित्रे हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरकडून परवानाशुल्क मागण्यात आले.

८/ २० जून २००३ रोजी अमेरिकेतील पेटंटची मुदत सरली. कॉम्प्रेस पुन्हा निर्धोक झाले. पण तोवर त्याची गरज उरली नव्हती. मालकी जपण्यासाठी घातलेल्या कुंपणाने वापरणारेच दूर गेले होते.