भिगवणच्या पाण्यावरचा कॅमेरा

भीमा नदीवरचे उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले आणि फुगवट्याचे पाणी इंदापूर, दौंड, कर्जत, करमाळ्याच्या शिवारांत पसरले. गावे, शेते गेली. पळसदेवचे जुने मंदिरही बुडाले, ते आता पाणी ओसरल्यावरच दिसते. हे विस्थापन विसरून इथल्या पक्ष्यांविषयी बोलणे अन्यायाचे ठरेल.

या फुगवट्याकाठच्या भिगवणजवळ मात्र पाणी उथळ राहिले. चिखलात अन्न मिळू लागले, तसे रोहित (फ्लेमिंगो), चक्रवाक, पट्टकादंब हे पक्षी हिवाळ्यात उतरू लागले. रोहित चोच उलटी बुडवून पाणी गाळतो. त्याला गुडघाभर पाणीच मानवते.

फिल्मच्या काळात एका रोलवर छत्तीसच चित्रे मिळत, म्हणून हे पक्षी टिपायला येणारे छायाचित्रकार मोजकेच. 2000 नंतर डिजिटल कॅमेरे आले आणि गर्दी वाढली. कुंभारगाव, डिकसळच्या मच्छीमारांनी होड्या पुढे केल्या. पाण्याची खोली आणि थव्यांच्या जागा त्यांना पाठ. होडीत बसल्यावर कॅमेरा पक्ष्याच्या नजरेच्या पातळीला येतो, ही मोठीच सोय. उड्डाणाच्या चित्रासाठी थव्यात होडी घालण्याची वाईट खोडही याच काळातली. तिने पक्ष्यांच्या चरण्यात खंड पडतो.