ट्रॅकला वाफसा आला का?

या प्रवासाला नियम एकच. बघायचं सगळं, बोलायचं काही नाही. घडून गेलेलं तुम्हाला बदलता येणार नाही. अंगावर रेनकोट चढवा, कारण आपण उतरतोय तिथं भुरभुर चालू आहे.

११ एप्रिल १९९३, डॉनिंग्टन पार्क, इंग्लंड

ईस्टरचा रविवार आहे. फॉर्म्युला वनची युरोपियन ग्रां प्री सुरू व्हायला थोडाच वेळ उरलाय. तुम्ही पिटच्या, म्हणजे गाड्या टायर बदलायला थांबतात त्या जागेच्या, भिंतीला टेकून उभे आहात. पायाखालचं डांबर ओलं, हवेत पेट्रोलचा वास. मागच्या गॅरेजात टायरचे संच गरम ब्लँकेटांत गुंडाळून ठेवलेत. एका रांगेत स्लिक आहेत. त्यांच्यावर नक्षीच नाही. आपल्याकडं असा टायर बघून लोक म्हणतील, "गोटा झालाय की, बदला आता!" दुसऱ्या रांगेत खोल खाचांचे पावसाळी टायर आहेत.

कोरड्या ट्रॅकवर गोटाच राजा. त्याचं सगळं रबर डांबराला भिडतं आणि तापलं की चिकटून धरतं. पण ट्रॅकवर पाणी असलं की तोच टायर पाण्याच्या पातळ थरावर तरंगायला लागतो. मग स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. पावसाळी टायरच्या खाचा त्या पाण्याला बाजूला वाट करून देतात. त्याचं रबरही मऊ असतं, म्हणजे गारठ्यातसुद्धा ते पकड घेतं. हाच टायर कोरड्यावर पळवला तर तापून त्याचे तुकडे पडायला लागतात.

सगळे पावसाळी टायरवर सुटतात. ड्रायव्हर आयर्टन सेना चौथ्या जागेवरून निघतो आणि पहिल्याच वळणात पाचवा होतो. नंतर शूमाकर, वेंडलिंगर, हिल आणि शेवटी अलँ प्रॉस्ट, चौघांना मागे टाकून तो पहिल्या लॅपअखेर सगळ्यांच्या पुढं येतो. बाकीच्यांनी धरलेली ओळ, म्हणजे वळणातून जायची ठरलेली वाट, सोडून तो पकड मिळेल तिथून गाडी काढतो. कोरड्या दिवसातली नेहमीची ओळ पावसात निसरडी होते, कारण तिथंच रबर आणि तेल साचलेलं असतं.

लोक आजही या एका लॅपच्या गोष्टी सांगतात. तुम्ही मात्र पुढचे पावणेदोन तास पिटकडं नजर ठेवा.

पाऊस थांबतो. ट्रॅक वाळायला लागतो. परत भुरभुर येते. प्रॉस्ट स्लिक घ्यायला आत येतो, भुरभुर आली की पावसाळी घ्यायला आत येतो, ऊन पडलं की पुन्हा आत. त्याची गाडी पिटमध्ये बंदही पडते. ७६ लॅपच्या शर्यतीत प्रॉस्ट सात वेळा आत येतो. तो आभाळाला उत्तर देत बसलाय, आणि दर वेळी उत्तर देईपर्यंत आभाळानं प्रश्न बदललेला असतो. तिकडं सेना थोडी भुरभुर आली तरी स्लिकवरच तग धरून राहतो. ५७व्या लॅपला तो पिटमध्ये शिरतो खरा, पण टायर न बदलता सरळ बाहेर पडतो. पिट लेनला तेव्हा वेगमर्यादा नाही आणि ती वाट शेवटच्या वळणापेक्षा जवळची. त्यामुळं शर्यतीतला सगळ्यात वेगवान लॅप तोच ठरतो! शेवटी हिल दुसरा येतो, सव्वा मिनिटाहून जास्त मागे. प्रॉस्ट तिसरा, तोही एक लॅप मागे.

लातूर-नांदेडकडच्या माणसाला यात नवल वाटू नये. मृगात आभाळ भरून आलं, दोन सडाके पडले, की सोयाबीनची तिफण बाहेर काढायचा मोह कुणाला होत नाही? कृषी खातं दर वर्षी सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. घाई केलेल्याच्या वाट्याला दुबार पेरणी येते. जाणता शेतकरी ढगाकडं बघतो, पण निर्णय घेतो तो मातीची मूठ दाबून. वाफसा आला की नाही ते हाताला कळतं. ट्रॅकलाही वाफसा असतो. पाऊस चालू आहे की थांबलाय यापेक्षा डांबर किती पाणी धरून आहे आणि ते किती झपाट्यानं सुटतंय, हे महत्त्वाचं.

२ नोव्हेंबर २००८, इंटरलागोस, ब्राझील

आता हंगामाच्या शेवटच्या शर्यतीचे शेवटचे लॅप. स्टेडियमसारखी गर्दी, कारण घरचा पोरगा फिलिपे मासा पुढं आहे आणि जगज्जेतेपद त्याच्या हाताशी आलंय. तेवढ्यात पाऊस येतो. जवळपास सगळे पावसाळी टायर घ्यायला आत धावतात. टोयोटाचा टिमो ग्लॉक आत येत नाही. तो सातवा होता. बाकीचे आत गेल्यामुळं चौथा होतो आणि कोरड्या टायरवरच पुढं जात राहतो.

शेवटच्या लॅपला पाऊस वाढतो. ग्लॉकची गाडी बर्फावर चालल्यासारखी सरकते. मासा रेषा ओलांडतो. त्याच्या फेरारी संघाच्या गॅरेजात लोक एकमेकांना मिठ्या मारतायत. तुम्हाला मात्र शेवटची वळणं दिसतायत. तिथं जगज्जेतेपदासाठी मासाचा प्रतिस्पर्धी असलेला लुईस हॅमिल्टन ग्लॉकला मागे टाकून पाचवा होतो आणि तेवढ्यानं, एका गुणानं जगज्जेता ठरतो.

त्यानंतर ग्लॉकवर नको नको ते आरोप झाले. पण तुम्ही त्याचा हिशेब त्याच्या बाजूनं मांडा. सातवा होता, सहावा आला. पाऊस आणखी दोन मिनिटं उशिरा वाढला असता तर चौथाच राहिला असता. हरवण्यासारखं फारसं नव्हतं, मिळण्यासारखं बरंच होतं. असा जुगार मागच्यानं खेळावा. पुढच्यानं खेळू नये, त्यानं प्रतिस्पर्धी जे घेईल तेच घ्यावं.

यंदाचा नोव्हेंबर, इरुंगट्टुकोट्टई, चेन्नईजवळ

आता गाडी तुमची. मराठवाड्यात डांबरी रेसट्रॅक नाही, म्हणून रात्रभर प्रवास करून तुम्ही इथं आलात. हा ट्रॅक १९९० पासूनचा, ३.७ किलोमीटरचा. पुण्याच्या डायना पंडोल यांनी २०२४ साली इथंच राष्ट्रीय सलून कार अजिंक्यपद जिंकलं. राष्ट्रीय कार शर्यतीचं अजिंक्यपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. ऑक्टोबर ते डिसेंबर हा इथला ईशान्य मोसमी पावसाचा काळ. सकाळी ऊन, दुपारी अंधारून येतं.

तुमच्याकडं सेनाच्या पिटमध्ये होती तशी माणसं नाहीत. टायरचे दोन संच, एक जॅक आणि मदतीला आलेला मावसभाऊ. शर्यत अवघ्या काही लॅपची. एकदा आत आलात की संपलं. म्हणजे टायर निवडायचा तो सुटण्याआधी, आणि शेवटपर्यंत त्याच्याच सोबत राहायचं.

"काय करायलाव दादा? कोणते लावू?" मावसभाऊ विचारतो.

आधी नियमपुस्तिका बघा. तुमच्या गटात कोणता टायर चालतो, हे आयोजक ठरवून देतात. मग ट्रॅककडं चला. डांबर चकाकतंय की काळं मळकट दिसतंय? चकाकी म्हणजे वर पाणी उभं आहे. मळकटपणा म्हणजे ओल आहे, पाणी नाही. आधीच्या शर्यतीतल्या गाड्यांमागं फवारा किती उंच उडतोय ते बघा. तो चाकापुरता खाली आला असेल तर ट्रॅक वाळायला लागलाय. चाकांच्या वाटेवर कोरडा पट्टा दिसतोय का? वारा आहे का? आणि शर्यत सुरू व्हायला वीस मिनिटं असतील तर वीस मिनिटांनंतरच्या ट्रॅकसाठी निवडा.

पावसाळी लावायचे ठरले तर हवेकडं लक्ष द्या. कोरड्यात टायर तापून आतल्या हवेचा दाब वाढतो, म्हणून सुरुवातीला हवा कमी ठेवतात. ओल्यात टायर फार तापत नाही, म्हणून थोडी जास्त टाकून सुटायचं. चारही टायर एकाच जातीचे लावा. मध्येच ट्रॅक वाळला तर सरळ रस्त्यावर मुद्दाम डबक्यांतून गाडी काढा, रबर गार राहतं.

आणि दोन्ही बाजू सारख्याच वाटत असतील तर? नवख्यानं पावसाळी घ्यावेत. पावसाळी टायरवर ट्रॅक वाळला तर तुमचे काही सेकंद जातील. स्लिकवर पाऊस आला तर गाडी जाईल.

प्रवास इथं संपला. एक गोष्ट मात्र शर्यतीबाहेरही लागू आहे. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठताना वाटेत चार वेळा हवामान बदलतं आणि तिथं पिट नसतो. कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली तर कायद्यानंही तो टायर बाद आहे. नक्षीच्या खाचेत जागोजागी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली असेल तर टायर बदला. हे काम मृग निघायच्या आधी करा आणि वेग फक्त ट्रॅकवरच दाखवा.