विद्यापीठाच्या आवारातली रंगभूमी : औरंगाबादची परंपरा

औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाने सत्तरच्या दशकात नाट्यशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू केला. तेव्हा पुणे आणि मुंबई या नाटकाच्या माहेरघरांतल्या विद्यापीठांत असा विभाग नव्हता. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ मध्ये आले आणि मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी २००३ मध्ये. जिथे नाटकावर पोट भरण्याची सोय जवळजवळ नव्हती, त्या शहरात नाटक आधी पदवीचा विषय झाले. आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहराची रंगभूमी या उलट्या क्रमातून घडली आहे.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उच्च शिक्षण उर्दूतून चाले. औरंगाबादेत इंटरमिजिएट कॉलेज होते, पण पुढच्या पदवीसाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची वाट धरावी लागे. गश्ती निशाण ५३ या फर्मानामुळे सार्वजनिक सभेलाही सरकारची परवानगी लागत असे. चार माणसे जमण्यावरच बंधन असलेल्या मुलखात गावोगाव फिरणाऱ्या मराठी नाटक मंडळ्यांचा जम बसणे अवघड होते. नाटकाची हौस शाळांच्या स्नेहसंमेलनांत, गणेशोत्सवाच्या मेळ्यांत आणि तमाशाच्या फडांत टिकून राहिली. शहरात १९१५ मध्ये स्थापन झालेल्या सरस्वती भुवनसारख्या संस्थांचे महत्त्व इथे कळते. मराठीतून बोलायला आणि सादर करायला हक्काची जागा अशा मोजक्या आवारांतच होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि इथल्या हौशी मंडळींना राज्य नाट्य स्पर्धेची दारे उघडली. त्याआधीच शहराच्या उत्तरेला, नागसेनवनात, एक महत्त्वाचा प्रयोग होऊन गेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तिथे महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. त्याचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी लिहिलेले ‘युगयात्रा’ हे नाटक १९५५ मध्ये महाविद्यालयातच बाबासाहेबांच्या उपस्थितीत सादर झाले. अस्पृश्यतेचा शतकानुशतकांचा प्रवास ते वेगवेगळ्या कालखंडांतून मांडते. पुढच्या वर्षी धम्मदीक्षेच्या निमित्ताने नागपुरातही त्याचा प्रयोग झाला. दलित रंगभूमीचा इतिहास सांगणारे बहुतेक अभ्यासक सत्यशोधकी व आंबेडकरी जलशांनंतरचा टप्पा म्हणून या नाटकापाशी थांबतात. ते योग्यच आहे. जलशाची ताकद गाण्यात आणि सवाल-जवाबात होती. ‘युगयात्रे’ने तोच आशय नेपथ्य आणि प्रवेशांच्या चौकटीत आणला, आणि हे घडले ते एका महाविद्यालयाच्या आवारात, ज्यांच्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी होती अशा विद्यार्थ्यांसमोर.

मिलिंदचे हे ऋण शहराच्या पुढच्या नाटकावर सतत राहिले. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक याच परिसरातून निघाले. प्रकाश त्रिभुवन यांचे ‘थांबा, रामराज्य येतंय’ हे नाटक याच वळणाचे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केला आणि मराठवाड्यात दंगली उसळल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. ती सोळा वर्षे या भागातल्या तरुण नाटकवाल्यांच्या जडणघडणीची वर्षे होती. जात हा विषय त्यांना पुस्तकात शोधावा लागला नाही, तो विद्यापीठाच्या फाटकावरच उभा होता.

विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली. उद्घाटन पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी केले आणि पहिले कुलगुरू होते सुं. रा. डोंगरकेरी. जागा मिळाली ती शहराच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी. एका बाजूला बुंदेला सरदार पहाडसिंगाने सतराव्या शतकात बांधलेला सोनेरी महाल आणि वर डोंगरात औरंगाबाद लेणी. नाट्यशास्त्र विभाग उभा करण्याचे काम कमलाकर सोनटक्के यांच्याकडे आले. ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे स्नातक होते. संचालक इब्राहिम अल्काझींच्या काळात तिथे नटाच्या उपजत गुणांइतकेच शिस्तीला महत्त्व दिले जाई : देहबोली, आवाज, प्रकाशयोजना, नेपथ्य, वेशभूषा हे सगळे शिकून घ्यायचे आणि जगभरच्या नाटकांचा अभ्यास करायचा. सोनटक्क्यांबरोबर ही पद्धत औरंगाबादेत आली. पुढे ते राज्याच्या सांस्कृतिक खात्यात संचालक झाले.

ही शिस्त घेणारे विद्यार्थी मात्र दिल्लीपेक्षा वेगळे होते. बीड, परभणी, उस्मानाबाद, नांदेड या जिल्ह्यांतल्या खेड्यांतून ते येत. त्यांनी तमाशा, भारूड, गोंधळ आणि दशावतारी सोंगे पाहिलेली असत, पण बंदिस्त रंगमंच आणि त्यावरचे दिवे यांची ओळख विभागातच होई. बीड जिल्ह्यातल्या दरडवाडीचे वामन केंद्रे हे यातले ठळक नाव. औरंगाबादेत नाट्यशिक्षण घेऊन ते राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले, जोगत्यांच्या जगावरचे ‘झुलवा’ त्यांनी दिग्दर्शित केले आणि २०१३ मध्ये त्याच राष्ट्रीय विद्यालयाचे संचालक झाले. केंद्रे यांच्या नाटकातला लोकसंगीताचा आणि समूहाच्या हालचालींचा वापर पाहिला, की औरंगाबादच्या शिक्षणाने काय दिले हे दिसते. विद्यार्थ्याला त्याचे गाव विसरायला न लावता त्या गावाला रंगमंचाची मापे कळतील अशी ती घडण होती.

विभागातले अध्यापक डॉ. रुस्तुम अचलखांब यांचे काम याच दिशेचे. त्यांनी तमाशाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि ‘तमाशा लोकरंगभूमी’ हा ग्रंथ लिहिला. ‘गावकी’ हे त्यांचे आत्मकथन. गण, गवळण, बतावणी, वग या क्रमाकडे केवळ करमणूक म्हणून न पाहता नाट्यरचनेची एक पद्धत म्हणून पाहायला त्यांनी शिकवले. भरताच्या नाट्यशास्त्रातला पूर्वरंग आणि तमाशाचा गण एकाच अभ्यासक्रमात बसणे हे आज सहज वाटते. पण ज्या कलेचे कलावंत गावकुसाबाहेरचे, तिला विद्यापीठात जागा मिळवून देण्यासाठी कुणाला तरी आयुष्य खर्ची घालावे लागते. अचलखांबांनी ते केले, आणि त्यांच्या नावाचा उल्लेख होतो त्याहून कितीतरी अधिक व्हायला हवा.

विभागाचे सर्वांत लोकप्रिय नाव अर्थातच प्रा. लक्ष्मण देशपांडे (१९४३–२००९). त्यांनी विभागाचे प्रमुखपदही सांभाळले. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा त्यांचा एकपात्री प्रयोग १९७९ मध्ये सुरू झाला. मराठवाड्यातल्या एका खेड्यातले वऱ्हाड लग्नासाठी विमानाने लंडनला जाते, एवढीच गोष्ट. सुमारे तीन तास एकच नट रंगमंचावर असतो आणि ५२ पात्रे उभी करतो. वेश बदलायला तो आत जात नाही. पाठीचा बाक, मानेची लकब, आवाजाची पट्टी आणि पाऊल टाकण्याची ढब एवढ्यावर म्हातारी जाते आणि तरणा पोर येतो. घोळक्याच्या प्रवेशात तर पात्रे एकमेकांचे बोलणे तोडतात, आणि तरी कोण बोलले हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळते. या प्रयोगाची नोंद गिनेस बुकात झाली. देशपांड्यांनी देशात आणि परदेशात त्याचे शेकडो प्रयोग केले आणि त्यांच्या पश्चात संदीप पाठक यांनी तो पुन्हा रंगमंचावर आणला.

‘वऱ्हाड’चे यश विनोदाच्या खात्यात जमा करून मोकळे होणे सोपे आहे. त्यामागे नाट्यशिक्षणाची तालीम होती हे मात्र ध्यानात घ्यायला हवे. वाचिक आणि आंगिक अभिनयाचे जे पाठ वर्गात दिले जात, त्यांचे प्रात्यक्षिकच या प्रयोगात दिसे. दुसरी गोष्ट बोलीची. मराठवाडी बोली तोवर मराठी रंगमंचावर आली तर गड्याच्या किंवा गावंढळाच्या तोंडी. इथे तीन तासांचा अख्खा प्रयोग त्या बोलीवर उभा राहिला, आणि मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. पुढे मराठवाड्यातले कितीतरी नट आपला हेल न लपवता मुंबईत उभे राहिले, त्यामागे ही वाट आधीच मळलेली होती.

शहरातल्या सरस्वती भुवन आणि देवगिरी या महाविद्यालयांतही नाट्यशास्त्राचे वर्ग सुरू झाले. ऐंशीच्या दशकात महाविद्यालयीन मुलांच्या ‘जिगीषा’ या संस्थेतून दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, लेखक प्रशांत दळवी, अभिनेत्री प्रतीक्षा लोणकर ही मंडळी पुढे आली आणि मुंबईला गेली. दळवींचे ‘चारचौघी’ १९९१ मध्ये आले. महेश एलकुंचवार यांच्या वाडा त्रयीचा सलग नऊ तासांचा प्रयोग कुलकर्ण्यांनी १९९४ मध्ये केला. ‘गांधी विरुद्ध गांधी’चे लेखक अजित दळवी औरंगाबादेतच राज्यशास्त्र शिकवत होते. गुणी माणसे तयार व्हावीत आणि मुंबईला जावीत, हा शहराचा नेहमीचा अनुभव झाला. त्याला दुसरा इलाज नव्हता. नियमित तिकीट काढून नाटक पाहणारा वर्ग इथे लहान आणि नाट्यगृहे मोजकी. महापालिकेचे संत एकनाथ रंगमंदिर दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद पडले तेव्हा हौशी संस्थांचे किती हाल झाले, ते शहरातल्या नाटकवाल्यांना विचारावे.

विद्यापीठीय रंगभूमीचे सर्वांत मोठे रूप पदवीच्या प्रयोगांपेक्षा केंद्रीय युवक महोत्सवात दिसते. संलग्न महाविद्यालयांचे संघ विद्यापीठाच्या आवारात उतरतात आणि निरनिराळ्या मंचांवर सकाळपासून रात्रीपर्यंत एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय, नक्कल, लोकनाट्य, जलसा, भारूड, पोवाडा, लावणी, लोकनृत्य असे प्रकार चालतात. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाल्यावर पूर्वेकडचे जिल्हे वेगळे झाले. औरंगाबाद, जालना, बीड आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) एवढेच जिल्हे राहिले, तरी महोत्सवाची रग कमी झाली नाही. एकांकिकेला वेळ बांधलेला असतो, नेपथ्य उभे करण्याची आणि काढण्याची मिनिटेही त्यातच मोजली जातात. म्हणून संघ दोन खोकी, एक बाज, एखादी ओढणी एवढ्यावर विहीर, एसटी आणि सरकारी कचेरी उभी करतात. विषय दुष्काळाचे, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे, शेतकऱ्याच्या आत्महत्येचे, मुलीच्या शिक्षणाचे. मंचावरच्या पोरीपोरांचे आईबाप कारखान्यावर असतील, तर तो प्रवेश अभिनय म्हणून पाहणे परीक्षकालाही जड जाते.

या महोत्सवाने एक साखळी तयार केली. नाट्यशास्त्र शिकलेले विद्यार्थी आपापल्या तालुक्यातल्या महाविद्यालयात संघ बसवायला जातात, त्या संघातली मुले पुढे विभागात प्रवेश घेतात. नाटकाचे व्यावसायिक जाळे नसलेल्या भागात ही साखळी तेच काम करते. विद्यापीठाबाहेरही तिचे पडसाद उमटले. जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थच्या राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले, संभाजी भगत यांची संकल्पना असलेले आणि नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेले ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ मध्ये राज्यभर गाजले. त्यातले बरेच नट जालन्याकडचे, शेतीभातीतले होते.

नृत्याची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात, औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यात, गर्भगृहाच्या भिंतीवर एक शिल्पपट आहे. मधोमध कमरेत लवून नाचणारी स्त्री आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या वादक स्त्रिया. कुणाच्या हाती बासरी, कुणाजवळ तालवाद्य. काळ सहाव्या-सातव्या शतकाचा. देवगिरीच्या यादवांच्या पदरी तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीत रत्नाकर’ लिहिला. त्याचा सातवा अध्याय सगळा नर्तनावर आहे. एवढा वारसा भोवती असून, भारतातल्या मान्यताप्राप्त शास्त्रीय नृत्यांत महाराष्ट्राचे स्वतःचे एकही नाही. त्यामुळे इथले नृत्यशिक्षण दुसऱ्या प्रांतांच्या शैली घेऊनच उभे राहणार होते.

१९९६ मध्ये महात्मा गांधी मिशनच्या (एमजीएम) आवारात ‘महागामी’ गुरुकुल सुरू झाले. संचालिका पार्वती दत्ता या केलुचरण महापात्र आणि बिरजू महाराज यांच्या शिष्या. कथक आणि ओडिसी या दोन शैली तिथे शिकवल्या जातात. विद्यापीठाच्या विभागाहून इथली रीत निराळी : गुरूच्या सहवासात वर्षानुवर्षांचा रियाज, उघड्या मंडपातली बैठक, शिल्पे आणि ग्रंथ यांचा नृत्याच्या अंगाने अभ्यास. शार्ङ्गदेवाच्या नावाने भरणाऱ्या समारोहात देशभरचे कलावंत सादरीकरण करतात आणि दिवसा विद्वानांची व्याख्याने होतात. देवगिरीच्या ग्रंथातले वर्णन आणि वेरूळच्या भिंतीवरची मुद्रा शेजारी ठेवून नृत्यरचना करायची, हे काम दुसऱ्या शहरात इतक्या सहजपणे होणार नाही. वेरूळ महोत्सवही आधी कैलास लेण्याच्या परिसरात आणि नंतर विद्यापीठाशेजारच्या सोनेरी महालासमोर भरू लागला, तेव्हा शहरातल्या सामान्य माणसाला हे नृत्य पाहायला मिळाले.

२०१९ मध्ये एमजीएम विद्यापीठ स्थापन झाले आणि महागामीचे शिक्षण विद्यापीठीय पदव्यांशी जोडले गेले. त्याच आवारात चित्रपटकलेचाही विभाग आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून बाहेर पडणारी मुले आता मालिका, चित्रपट आणि वेबमालिकांकडे वळतात. काही महाविद्यालयांत शिकवतात, काही युवक महोत्सवाचे संघ बसवतात. अशा रीतीने शहरात प्रयोगकलेची दोन विद्यापीठीय घरे झाली आहेत : एक सरकारी, बोलीभाषेतल्या नाटकाचे, दुसरे खासगी, शास्त्रीय नृत्याचे. दोन्हींचे विद्यार्थी एकाच मंचावर, एका प्रयोगासाठी नियमितपणे एकत्र येण्याची प्रथा अजून पडलेली नाही.