मुखत्यार आणि वार्धक्य

सोलापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकास, कानडी मुलखाच्या शिवेवर, दुधनी हें बाजाराचें गांव आहे. पूर्वीं तें अक्कलकोट संस्थानांत होतें. १९४८ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. अशा गांवीं वृद्ध शेतकरी मुलाच्या नांवें मुखत्यारपत्र करून देतो आणि पुढील काळजी मिटली असें घरचीं माणसें समजतात. ही समजूत चुकीची आहे. ती कां चुकीची, हें कायद्याच्या इतिहासांत पाहावें लागतें.

दुसऱ्याकरवीं कारभार पाहण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मराठी राज्यांत मोठ्या हुद्देदाराचा मुतालिक धन्याच्या नांवानें काम चालवी. एकत्र कुटुंबांत कर्ता थकला, कीं वडील मुलगा कारभार हातीं घेई. घर व जमीन एकच असल्यामुळें वडिलांची बुद्धि मंदावली तरी व्यवहार सहसा अडत नसे.

पुढें इंग्रजी अमलांत १८७२ चा करारविषयक कायदा झाला. त्याच्या २०१ व्या कलमाप्रमाणें मालक मरण पावला किंवा त्याची बुद्धि भ्रष्ट झाली, म्हणजे मुखत्याराचा अधिकार संपतो. १८८२ च्या मुखत्यारपत्रांच्या कायद्यानेंही हा नियम बदलला नाहीं. नियमामागील हेतु वाईट नव्हता: लबाड मुखत्यारास दूर करण्याची शुद्धच ज्यास उरली नाहीं, त्याचें रक्षण कोणी करावें? परंतु लगेच पुढील कलमांत एक अपवाद आहे. कापसाच्या गांठींवर उचल दिलेला अडत्या तो माल विकून आपली रक्कम वसूल करूं शकतो. मालकास वेड लागलें तरी त्याचा अधिकार अबाधित राहतो. दुधनीच्या पेठेंतील माणसास अडत्या समजावून सांगावा लागत नाहीं. बापाचें औषधपाणी पाहणाऱ्या मुलास मात्र हा आधार नाहीं. सावकारी हितसंबंध टिकतो आणि सेवेचा संबंध तुटतो!

ज्यांच्या विचारसरणीवर आपला कायदा बेतला, त्या इंग्रजांनीं आपला नियम १९८५ सालीं बदलला. बुद्धि गेल्यावरही टिकणारें मुखत्यारपत्र त्यांनीं मान्य केलें, आणि २००५ च्या कायद्यानें त्यास नोंदणीचें व देखरेखीचें कुंपण घातलें. आपल्याकडे १९१२ च्या व नंतर १९८७ च्या कायद्यान्वयें जिल्हा न्यायालय अशा रुग्णाच्या मिळकतीवर व्यवस्थापक नेमूं शके. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवेच्या कायद्यानें १९८७ चा कायदा रद्द झाला. रुग्णाच्या उपचारांसंबंधीं त्यांत पुष्कळ स्तुत्य गोष्टी आहेत, पण मिळकतीच्या व्यवस्थेची तरतूद त्यांतून गळाली. त्यामुळें स्मृतिभ्रंशानें ग्रासलेल्या वृद्धाच्या मुलांस राज्यघटनेच्या २२६ व्या कलमाखालीं उच्च न्यायालयाचें दार ठोठवावें लागतें. दुधनीच्या शेतकऱ्यास तें दार किती दूर आहे, हें सांगावयास नकोच.

मुलांच्या हातीं निरंकुश सत्ता द्यावी, असें आमचें म्हणणें नाहीं; आईबापांना नागवणारीं मुलेंही आम्हीं पाहिलीं आहेत. शुद्ध असतां माणसानें आपल्या विश्वासाचा मुखत्यार निवडावा, ती निवड नोंदली जावी, आणि मुखत्यारानें दरसाल हिशेब द्यावा, इतकेंच आमचें मागणें आहे. जो कागद म्हातारपणासाठीं केला, तो नेमका म्हातारपणींच निकामी ठरावा, हें कोणत्याही शहाण्या कायद्यास शोभत नाहीं.